द्रव्य पोहोचले, संस्कार मागे राहिला : एका मेक्सिकन भोजनाचा आहारविधीच्या दृष्टीने विचार

परदेशी मुलाबाळांकडे सहा-सहा महिने राहावयास जाणारे ज्येष्ठ रुग्ण आज बहुतेक वैद्यांच्या चिकित्सालयात येतात. प्रस्थानापूर्वी ‘तिकडे काय खावे, काय टाळावे’ हा प्रश्न ते हमखास विचारतात आणि आपण त्यांना पथ्यापथ्याचा कागद लिहून देतो. असाच एक कागद काही वर्षांपूर्वी आम्ही लिहिला. अम्लपित्त व विबंध यांनी पीडित असे एक निवृत्त शिक्षक शिकागो येथे कन्येकडे निघाले होते. त्यांच्या कागदावर आम्ही एक ओळ घातली : ‘मेक्सिकन पदार्थ सर्वथा वर्ज्य.’ ही ओळ लिहिताना आमच्या मनात दोनच द्रव्ये होती, मिरची आणि मका. पहिले तीक्ष्णोष्ण, दुसरे रूक्ष व वातकर. एवढ्यावर आम्ही निर्णय केला.

सहा महिन्यांनी गुरुजी परतले ते तक्रार घेऊनच. कन्येच्या लग्नाच्या वाढदिवशी सारे कुटुंब शहराच्या मध्यभागातील एका उंची मेक्सिकन उपाहारगृहात गेले होते. गुरुजींनी आमचा कागद काटेकोर पाळला. मुलीने हौसेने मागविलेल्या एकाही पदार्थास त्यांनी हात लावला नाही. मात्र टेबलावर आधीच आणून ठेवलेले मक्याचे तळलेले काप ‘पापडासारखेच तर आहेत’ म्हणून ते खात राहिले आणि वर बर्फाचे पाणी प्याले. ती रात्र छातीतील दाह व आध्मान यांत गेली. “डॉक्टर, जे खायचे नाही ते तुम्ही लिहिलेत, पण ज्याने त्रास झाला ते तुमच्या कागदावर नव्हतेच,” असे ते शांतपणे म्हणाले. लेकीचा हिरमोड केल्याचा सल त्यांना त्या दाहापेक्षा अधिक होता. चूक त्यांची नव्हती. आम्ही न पाहिलेल्या अन्नाचा निकाल देऊन मोकळे झालो होतो.

पुढे त्याच शहरी जाण्याचा योग आला, तेव्हा ही चूक तपासून पाहावी असे ठरविले. प्रस्तुत लेखात त्या भोजनाच्या निमित्ताने चरकसंहितेच्या विमानस्थानातील आहारविधिविशेषायतनांचा, म्हणजे प्रकृति, करण, संयोग, राशि, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता या आठ घटकांचा, विचार मांडीत आहोत. वैद्यबंधूंस ही नावे पाठ आहेत. परंतु अपरिचित अन्न समोर आले की आपण त्यांपैकी पहिल्याच पायरीवर थांबतो, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

प्रकृति : द्रव्यांची ओळख

शिकागो नदीच्या उत्तरेस, शहराच्या मध्यवर्ती भागास लागूनच, नॉर्थ क्लार्क स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तेथे रिक बेलेस या पाकतज्ज्ञांनी १९८७ मध्ये ‘फ्रोंतेरा ग्रिल’ आणि १९८९ मध्ये त्यालाच जोडून ‘तोपोलोबांपो’ ही उपाहारगृहे काढली. मेक्सिकन अन्न म्हणजे स्वस्त, झटपट व चीजने लडबडलेले, हा अमेरिकेतील समज मोडण्यात या दोहोंचा मोठा वाटा मानला जातो. २०१० मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाकपद्धतीचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. आज अमेरिकेच्या बहुतेक मोठ्या शहरांत या धर्तीची उपाहारगृहे आहेत आणि आपल्या रुग्णांची मुले त्यांना तेथे घेऊन जातात.

आम्ही अशाच एका ठिकाणी बसलो. भोजनपत्रिका हाती आली तेव्हा नावे परकी वाटली, द्रव्ये मात्र घरचीच निघाली. मका, मिरची, टोमॅटो, घेवड्याच्या जातीचे काळे दाणे, भोपळा, भुईमूग आणि राजगिरा ही सारी मूळची अमेरिका खंडातील. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्याच्या किनारी उतरली. संहितांत तिचा उल्लेख नाही. उलट तेथील मसाल्यांतील जिरे, धणे, मिरे, लवंग, दालचिनी व तीळ ही जुन्या जगातून तिकडे गेली. १५६५ ते १८१५ या अडीचशे वर्षांत मनिला व आकापुल्को या बंदरांमध्ये स्पॅनिश जहाजांची नियमित ये-जा होती आणि पूर्वेचा मसाला त्या मार्गानेही मेक्सिकोस पोहोचला.

राजगिऱ्याचे उदाहरण विशेष लक्षणीय आहे. मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या मधात वा गुळासारख्या कच्च्या साखरेच्या पाकात घालून ‘आलेग्रिया’ नावाची वडी करतात. ती आपल्या उपवासाच्या चिक्कीशेजारी ठेवली तर निराळी ओळखू येणार नाही. तेव्हा ‘परदेशी’ हा शब्द द्रव्यगुणाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो. भावमिश्रांनी सोळाव्या शतकात फिरंग रोग व द्वीपांतर वचा, म्हणजे चोपचीनी, यांस आपल्या ग्रंथात स्थान दिले. नवे द्रव्य तपासून स्वीकारणे ही आपलीच परंपरा होय.

करण : चुन्यातील मका

पहिल्या घासालाच आम्ही चकित झालो. कापडात गुंडाळून आलेली मक्याची पोळी, म्हणजे तोर्तिया, मऊ, लवचीक व सुगंधी होती. मक्याचे कोरडे पीठ मळून केलेली भाकरी कशी तडकते, हे आपण जाणतो. वाढणाऱ्या तरुणास कारण विचारले, तेव्हा त्याने आम्हांस पाकगृहाच्या दारापर्यंत नेले व भिजत घातलेला मका दाखविला.

ही कृती ‘निश्तामाल’ या नावाने ओळखली जाते. मक्याचे वाळलेले दाणे चुना घातलेल्या पाण्यात मंद आचेवर थोडा वेळ शिजवितात. चुन्याचे प्रमाण मक्याच्या वजनाच्या साधारण शेकडा एक भाग असते. नंतर दाणे त्याच पाण्यात रात्रभर ठेवतात, सकाळी चोळून धुतात व सुटलेली साल काढून टाकतात. मग ते ओलेच दगडावर वाटतात. घरोघरी यासाठी ‘मेताते’ वापरीत. तो आपला पाटा-वरवंटाच समजावा. नावातील ‘नेश्तली’ या मूळ नाहुआत्ल शब्दाचा अर्थ राख असा आहे, म्हणजे चुन्याप्रमाणेच राखेचे क्षारजलही या कामी वापरीत. या विधीस तीन हजारांहून अधिक वर्षे झाली असावीत, असे पुराव्यांवरून दिसते.

चरकांनी करणाचे विवेचन करताना जल, अग्नी, शौच, मंथन, देश, काल, वासन, भावना, कालप्रकर्ष व भाजन ही संस्काराची साधने गणली आहेत. निश्तामालात जलसंयोग, अग्निसंयोग, प्रक्षालन, कालप्रकर्ष व पेषण ही साधने ओळीने आढळतात आणि त्यांना क्षाराची जोड मिळते. चुना आपणांसही परका नाही. विड्यात तो आहे, कोहळ्याचा पेठा चुन्याच्या पाण्यात भिजतो, आणि चूर्णोदक तर औषधातच आहे.

या संस्काराने काय घडते, हे आधुनिक शास्त्राने दाखवून दिले आहे. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व बद्ध स्वरूपात असते. चुन्याच्या पाण्यात शिजल्यावर ते मोकळे होऊन शरीरास मिळते. खटाचे, म्हणजे कॅल्शियमचे, प्रमाण अनेक पटींनी वाढते. बुरशीजन्य विषांचे प्रमाणही घटते. थोडक्यात, द्रव्यात गुणांतर होते.

संस्कार सोडल्याचे फळ

याची दुसरी बाजू अधिक बोधप्रद आहे. कोलंबसानंतर मका युरोपात गेला. भरघोस पिकणारे, गरिबाचे पोट भरणारे धान्य म्हणून स्पेन व इटलीत तो झपाट्याने पसरला. चुन्याचा विधी मात्र त्याच्यासोबत गेला नाही. बी नेणाऱ्यांना ते धान्य दिसले. स्त्रिया रात्री दाणे भिजवितात आणि पहाटे धुतात, ते कशासाठी, हे कोणी विचारले नाही.

१७३५ मध्ये स्पेनमधील आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने एका नव्या व्याधीचे वर्णन केले. उन्हास उघड्या राहणाऱ्या त्वचेवर कृष्णरक्तवर्णी, खरखरीत मंडले, सोबत अतिसार आणि पुढे बुद्धिभ्रम, अशी ती लक्षणे होती. १७७१ मध्ये इटलीतील फ्रापोल्ली यांनी त्यास ‘पेलाग्रा’, म्हणजे खरखरीत त्वचा, हे नाव रूढ केले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, मक्यावर जगणाऱ्या गरीब वर्गात, या रोगाने थैमान घातले व हजारो माणसे दगावली. हा संसर्ग असावा असाच समज प्रबळ होता. १९१४ पासून जोसेफ गोल्डबर्गर यांनी आहार हेच कारण असल्याचे प्रयोगांनी दाखविले आणि १९३७ मध्ये कॉन्राड एल्वेहियेम यांनी निकोटिनिक आम्लाचे कार्य सिद्ध केले. ज्या मेक्सिकोत मका हेच मुख्य अन्न होते, तेथे मात्र या रोगाने असे स्वरूप धारण केले नाही. द्रव्य एकच, करण निराळे.

हा प्रश्न आपल्या दख्खनसही स्पर्शून जातो. ज्वारी हेच प्रधान अन्न असलेल्या हैदराबाद परिसरातील गरीब रुग्णांत पेलाग्रा आढळतो, याकडे डॉ. सी. गोपालन व त्यांचे सहकारी यांनी लक्ष वेधले आणि १९६० मध्ये ज्वारीतील ल्युसिन या घटकाचे आधिक्य हे त्याचे कारण सुचविले. त्या उपपत्तीविषयी पुढे मतभेद झाले. परंतु एकाच धान्यावर, डाळ-भाजी-दुधाविना, दीर्घकाळ राहणे घातक होय, हे निरीक्षण आपल्या चिकित्सालयात आजही उपयोगी आहे.

संयोग

त्या रात्री आम्ही ‘मोले’ मागविले. मूळ ‘मोल्ली’ शब्दाचा अर्थ कालवण. भाजलेल्या सुक्या मिरच्या, तीळ, बदाम, भुईमूग, मनुका, दालचिनी, लवंग, मिरे, टोमॅटो, शिळ्या तोर्तियाचा तुकडा आणि थोडे कोको, असे वीस-पंचवीस पदार्थ एकेक भाजून, वाटून, तासन्‌तास शिजवितात. आमच्या जिभेला त्यात सहाही रस जाणवले. वऱ्हाडी वा खानदेशी काळ्या मसाल्याच्या घरात वाढलेल्या माणसास ही रीत परकी वाटणार नाही.

‘मिरची’ हे एक द्रव्य नव्हे, हेही येथे कळले. मोलेतील ‘आंचो’ ही मोठी, काळपट मिरची बेडगीप्रमाणे रंग व स्वाद देणारी, सौम्य असते. शिवाय वापरण्यापूर्वी तिचे बी व आतील पांढऱ्या शिरा काढून टाकतात. मिरचीची तीक्ष्णता मुख्यतः त्या शिरांतच असते. बेडगी व लवंगी यांना एकाच ओळीत ‘वर्ज्य’ म्हणणारा वैद्य स्वतःच्या स्वयंपाकघरात कधी डोकावला नसावा, आणि तो वैद्य आम्हीच होतो.

काळ्या दाण्यांच्या उसळीत ‘एपासोते’ नावाची उग्र गंधाची पाने घालतात. आपण वालाच्या उसळीत ओवा-हिंग घालतो त्याच हेतूने, आध्मान होऊ नये म्हणून. ही वनस्पती चाकवताच्या कुळातील असून तिचे तेल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अंकुशकृमींवर औषध म्हणून वापरीत असत. त्या तेलाची मात्रा थोडी चुकली तरी विषबाधा होई. वातानुलोमन व कृमिघ्न या कर्मांची जोडी तेथील गृहिणीस अनुभवाने ठाऊक होती.

सर्वच संयोग हितकर होते असे नव्हे. मासळीच्या टॅकोवर दुधाच्या आंबविलेल्या सायीची धार धरतात; मत्स्य व दुग्धवर्ग यांचा हा संयोग आपल्या विचाराने टाळावा असाच. ‘सेविचे’ या पदार्थात कच्ची मासळी केवळ लिंबाच्या रसात मुरवितात. मासळी पांढरी पडते, पण तीस अग्निसंस्कार झालेला नसतो आणि आम्लाने सर्व जंतू मरतातच असे नाही. मंदाग्नी, वृद्ध व गर्भिणी यांना हा पदार्थ वर्ज्य सांगावा.

शाकाहारी रुग्णास आणखी एक गोष्ट अवश्य सांगावी. घोटून परतलेले दाणे परंपरेने डुकराच्या चरबीत परततात, भात पुष्कळदा कोंबडीच्या रसात शिजवितात आणि मोलेतही तो रस असतो. पदार्थात मांसाचा तुकडा दिसत नाही म्हणून तो शाकाहारी ठरत नाही. वाढणाऱ्यास आधी विचारावे; चांगल्या उपाहारगृहात ते सरळ उत्तर देतात.

राशि, देश व काल

गुरुजींना बाधले ते राशि व काल यांच्या चुकीने. मागणी देण्यापूर्वीच तळलेल्या, खारवलेल्या कापांची टोपली समोर येते. अनेक ठिकाणी ती रिकामी होताच पुन्हा भरतात. चुन्याने लवचीक झालेली तोर्तिया तळली की तिचे गुण पालटतात. क्षुधेच्या पहिल्या वेगात माणूस मोजत नाही आणि मुख्य अन्न येईपर्यंत अग्नी त्या कापांवरच खर्ची पडतो. त्यावर बर्फाचे पाणी. स्निग्ध-गुरु भोजनाबरोबर ते किती अनुचित आहे, हे वैद्यांस सांगणे नलगे. तेथे ‘बर्फ नको’ एवढे दोन शब्द पुरतात.

मेक्सिकोत दिवसाचे मुख्य भोजन दुपारी दोन ते चारच्या सुमारास घेण्याची रीत आहे. मोलेसारखा गुरु पदार्थ त्या वेळचा. अमेरिकेतील उपाहारगृहात तोच रात्रीचा होतो, आणि शिकागोच्या हिवाळ्यात जेवणानंतर चार पावले चालणेही दुर्घट असते. ज्येष्ठ रुग्णाने शक्य तर दुपारी जावे, रात्री गेल्यास एकच मुख्य पदार्थ दोघांत घ्यावा. मद्याविषयी निराळे सांगणे नको. मात्र जास्वंदकुळातील लाल अंबाडीच्या पुष्पकोशांचे ‘हामायका’ नावाचे सरबत तेथे मिळते. ते आंबट असून त्यात साखर बरीच असते. अम्लपित्त व मधुमेह या दोन्ही रुग्णांनी ते बेतानेच घ्यावे.

उपयोगसंस्था व उपयोक्ता

उष्ण, स्निग्ध, मात्रायुक्त, आधीचे पचल्यावर, इष्ट स्थळी, फार घाईने वा फार रेंगाळत नव्हे, तन्मयतेने आणि स्वतःचे बल जाणून जेवावे, हे आपण रोज सांगतो. आम्ही जेवलो ते अन्न गरम होते व सावकाश एकेक वाढले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी जडपणा जाणवला, दाह नव्हता. एका माणसाच्या एका रात्रीवरून सिद्धांत होत नाही. तरी ‘सर्वथा वर्ज्य’ हा शब्द आम्ही कोणत्या आधारावर लिहिला होता, याचे उत्तर आम्हांस सापडले नाही.

इष्टजनांसह भोजन याचेही मूल्य आहे. लेकीच्या आनंदाच्या दिवशी वडील ताट दूर सारून बसले, हा अपथ्याइतकाच मोठा अपाय होता. उपयोक्त्याचा विचार करताना त्याचे मन आम्ही मोजलेच नव्हते.

औषधनिर्मात्यांस विनंती

मक्याची ही कथा औषधनिर्मात्यांनी विशेष मनावर घ्यावी. युरोपने द्रव्य नेले व संस्कार निरर्थक श्रम समजून सोडला. वत्सनाभ गोमूत्रात किती काळ ठेवावा, भल्लातक विटेच्या चुऱ्यात किती घासावा, भावना सात द्याव्यात की तीनच पुरे, हे प्रश्न खर्चाच्या दडपणाखाली आपल्या निर्माणशाळांतही उठतात. वत्सनाभातील ॲकोनिटिन हे तीव्र विष उकळल्याने विघटित होऊन सौम्य होते, हे आज रसायनशास्त्र सांगते. ते सांगेपर्यंत आपल्या पूर्वजांनी शोधन थांबविले नव्हते. कारण कळले नाही म्हणून विधी गाळावा, हा न्याय मक्याच्या बाबतीत शेकडो वर्षे माणसांच्या जिवावर बेतला. प्रयोगशाळेच्या अहवालात द्रव्याची ओळख पटली म्हणजे संस्कार पूर्ण झाला असे होत नाही. म्हणून प्रत्येक घाण्याच्या नोंदवहीत शोधनाचा काळ व भावनांची संख्या प्रत्यक्ष करणाऱ्याच्या हाताने लिहिली जावी, अशी आमची विनंती आहे.

आमच्या पथ्याच्या कागदावर आता ती जुनी ओळ नाही. तिच्या जागी रुग्णाने वाढणाऱ्यास विचारावयाचे चार प्रश्न आहेत : हे तळलेले आहे काय? चरबी वा मांसरस आहे काय? मिरची कोणती व किती? आणि हे किती जणांस पुरेल? गुरुजी पुढच्या खेपेस तो कागद घेऊन गेले. परत आल्यावर त्यांनी सांगितले, की लेकीबरोबर अर्धे ताट मोले आणि दोन तोर्तिया खाल्ल्या, कापांची टोपली नातवाकडे सरकविली आणि पाणी कोमट मागितले. झोप नेहमीसारखी लागली.

वैद्यबंधूंनी आपल्या परदेशगामी रुग्णांचे असे अनुभव या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत. अपरिचित ताटाविषयी आपणांस एकमेकांकडूनच शिकावयाचे आहे.